कुंभारणीची सात औषधं

फार पूर्वी, वैद्य घोड्यावर बसून गावोगाव फिरत, त्या काळातली ही गोष्ट. एका राज्यातल्या वैद्यांचा नियम होता : दुसऱ्याने दिलेलं औषध कुणी बंद करायचं नाही. तो त्याचा अपमान! आपलं औषध तेवढं द्यायचं आणि घोड्याला टाच मारायची.

तिथल्या एका गावात एक म्हातारा कुंभार आणि त्याची बायको राहत. तिचे गुडघे दुखू लागले. पहिल्या वैद्याने गोळी दिली. गोळीने पोटात आग पडली, म्हणून दुसऱ्याने चूर्ण दिलं. चूर्णाने झोप उडाली, म्हणून तिसऱ्याने काढा दिला. काढ्याने तोल जाऊ लागला, तर चौथा आपला हजरच.

असं करत सात औषधं झाली. म्हातारी दिवसभर पेंगायची. दोनदा चुलीजवळ पडली. एके दिवशी तिने नवऱ्यालाच विचारलं, "पाव्हणं, कुठलं म्हणायचं तुम्ही?"

कुंभार हबकला. पन्नास वर्षांची सोबत डोळ्यांदेखत चालली होती. शेजारी म्हणाले, "वय झालं तिचं. असं व्हायचंच."

त्याच सुमारास गावात एक वैद्यीण आली. कुंभाराने हात जोडले. "बाई, आठवं औषध द्या, पण माझं माणूस मला परत द्या."

"आधी घरातली सगळी औषधं माझ्यापुढे मांडा," ती म्हणाली.

तिने एकेक पुडी हुंगली, कोणती कधी आणि कशासाठी सुरू झाली ते विचारलं. मग कपाळावर हात मारला.

"आजोबा, यातलं पहिलंच तेवढं दुखण्यावरचं. बाकीची सहा आधीच्या औषधांनी दिलेल्या त्रासावरची आहेत. आणि हा काढा तर नांगर धरणाऱ्या गड्याच्या मापाचा! म्हातारं शरीर औषध हळू जिरवतं. ते अंगात साचत जातं."

"पण बाई, तुमचा नियम?"

"वैद्यांचा मान मोठा, की हिचा जीव?"

तिने औषधं एकामागून एक कमी केली. काढा मात्र एकदम तोडला नाही, रोज चमचाभर कमी करत आणला. गुडघ्यांना कोमट तेल आणि शेक सांगितला. आणि ती गावातच थांबली.

महिन्याभराने म्हातारी काठी टेकत अंगणात आली. मडक्यांकडे बघून कडाडली, "अहो, ही काय मडकी घडवलीत? एकाचं तरी तोंड सरळ आहे का?"

कुंभार हसता हसता रडू लागला. "नाही गं, एकाचंही नाही! बोल, अजून बोल!"

ही बातमी राजापर्यंत गेली आणि त्याने तो जुना नियम मोडीत काढला. तेव्हापासून त्या राज्यात कुठलाही वैद्य आधीची औषधं पाहिल्याशिवाय आपली पिशवी उघडत नाही.

ध्यानात ठेवा : म्हाताऱ्या माणसाला नवं औषध देण्याआधी, जुनं कुठलं कमी करता येईल ते पाहावं.