कोरड्या ओढ्यातला झिरा

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक थोराड गवा राहत असे. सगळे प्राणी त्याला मानत आणि जवळच्या झऱ्यावर सुखाने पाणी पीत. हा झरा डोंगरमाथ्यावरच्या तळ्यातून येई. एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर गवा चरत चरत माथ्यावर गेला, तर तळे आटत आलेले! 'हे सांगितले तर सगळे घाबरतील, जंगल सोडून पळतील,' असे वाटून तो गप्प राहिला. खालच्या कोरड्या ओढ्यात खोल झिरा खणला, तर जमिनीतले पाणी झिरपून वर येईल, हे त्याला ठाऊक होते. त्याने काटेरी साळू, वानर आणि ससीण यांना बोलावले. "जो जास्त माती उपसेल, त्याला गोड कंद मिळतील," तो म्हणाला.

मग काय, माती नुसती उडू लागली! पण थोड्याच दिवसांत ससीण वरवरची भुसभुशीत मातीच उकरू लागली. वानर दुसऱ्यांची माती हळूच आपल्या ढिगात लोटू लागला. साळू म्हणाली, "कंद वाढवा, नाहीतर मी येत नाही." खालच्या दगडांना कोणी हातच लावेना. खड्डा रुंद झाला, खोल काही होईना. शेवटी कंद संपले आणि त्या दिवसापासून कोणी फिरकलेच नाही. गवा एकटाच खुराने दगड फोडत राहिला. खूर चिरले, रक्त आले.

साळू तिथून चालली होती. ती थबकली. "दादा, आता कोणासाठी एवढं खणताय?"

"तुमच्यासाठीच."

"आमच्यासाठी? मग आम्हाला सांगितलं का नाहीत?"

दुसऱ्या दिवशी गवा तिघांनाही माथ्यावर घेऊन गेला. तळ्याच्या भेगाळलेल्या चिखलाकडे बघून ससिणीचे कान पडले. "माझी पिल्लं अजून नीट चालतही नाहीत," ती म्हणाली. "त्यांना घेऊन मी कुठे जाऊ?"

"हे मी लपवायला नको होतं. चुकलं माझं," गवा म्हणाला. "झिरा कसा खणायचा, ते आता तुम्हीच ठरवा."

आधी बरीच वादावादी झाली. मग साळू म्हणाली, "रुंदी पुरे, आता खोल जाऊ. कडक माती मी फोडते." वानराने दगड उचलायचे कबूल केले. मोकळी झालेली माती ससीण मागच्या पायांनी दूर उडवू लागली. संध्याकाळी गवा काठावर उभा राहून प्रत्येकाचे काम नीट बघे. "तो मोठा धोंडा आज हलला, तो वानरामुळे," असे सगळ्यांसमोर सांगे.

पण त्याचे चिरलेले खूर सुजले आणि त्याला उभे राहता येईना. झाडाखाली पडल्या पडल्या तो काळजी करत राही. 'आता कंदही नाहीत आणि मीही नाही. सगळे आपापल्या बिळांत आणि झाडांवर बसले असतील.' एका सकाळी त्याला राहवेना. लंगडत लंगडत तो ओढ्यापाशी पोहोचला.

झिऱ्यात गार, नितळ पाणी साचले होते! पण गव्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही.

"हा काठ फार उभा आहे," ससीण सांगत होती. "लहान पिल्लं आत पडतील."

"मग इकडून उतार करू या," वानर म्हणाला.

"तिकडून नको, माती ढासळेल," साळू म्हणाली आणि तिने दुसऱ्या बाजूने खणायला सुरुवातही केली.

गवा त्यांचे बोलणे ऐकत झिऱ्याच्या काठाशी गेला. मग त्याने मान खाली घातली आणि तो पोटभर पाणी प्यायला.

तात्पर्य : आमिषाने काम सुरू होते, पण टिकत नाही. काम कशासाठी आहे हे ज्यांना माहीत असते आणि ज्यांचे म्हणणे ऐकले जाते, ते म्होरक्या जवळ नसला तरी काम तडीस नेतात.