अर्धी आज्ञा

एके काळी दूरध्वनी खात्यात नोकरी केलेले एक वृद्ध गृहस्थ होते, त्र्यंबकनाना. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावातल्या माणसांच्या आठवणी त्यांनी वीस वर्षे ध्वनिमुद्रित केल्या. बोलणारी बहुतेक माणसे पुढे वारली. मूळ फितींना बुरशी लागू लागली, तेव्हा नानांनी सारे आवाज संगणकावर उतरवले, खराब झालेल्या फिती टाकून दिल्या आणि तो संग्रह आपली शिष्या शलाका हिच्या हाती सोपवला.

शलाका हुशार होती, पण घाईची. एका सकाळी संग्रहातल्या निरुपयोगी फायली साफ करण्यासाठी तिने इंटरनेटवरून एक छोटा प्रोग्राम मागवला. तो आधी उतरवावा, वाचावा आणि मग चालवावा, हे दोन मिनिटांचे काम; पण तेवढा धीर तिला नव्हता. तिने संगणकाला एकाच ओळीत सांगून टाकले की, जसजसा येईल तसतसा थेट चालवत जा. नेमके मध्येच नेट तुटले. काही क्षणांत संग्रह रिकामा झाला. दुसऱ्या डिस्कवरची प्रत पहिलीशी आपोआप जुळवली जाई. तीही रिकामी झाली. जाणकारांकडे नेलेल्या डिस्क आठ दिवसांनी तशाच परत आल्या.

नाना रागावले नाहीत. त्यांनी तिला तोच प्रोग्राम पुन्हा उतरवून, न चालवता, कागदावर छापून आणायला सांगितले. आता त्याचा काय उपयोग, हे शलाकाला कळेना.

"वाच. शेवटपर्यंत," नाना म्हणाले.

तिने चाळीस ओळी वाचल्या. "नाना, यात वाईट काहीच नाही. संग्रहातला तात्पुरत्या फायलींचा कप्पा पुसून टाक, एवढंच आहे."

"लिहिणाऱ्यानं सरळ मनानंच लिहिलंय. आपल्या बोलण्यात क्रियापद शेवटी येतं. वाक्य अर्धवट राहिलं तर ऐकणारा थांबतो, काय म्हणालात म्हणून विचारतो. यंत्राच्या आज्ञेत क्रियापद आधी. 'पुसून टाक' आलं, 'संग्रह' आलं, आणि लाइन तुटली. त्यातला कोणता कप्पा, ते वाटेतच राहिलं. यंत्राला थांबून विचारता येत नाही. ते तुझं काम होतं, आणि तू मध्ये उभीच नव्हतीस."

शलाकाने तो कागद घडी करून ठेवला. मग म्हणाली, "हौसाबाईंना मीच सांगते."

हौसाबाईंच्या नवऱ्याचे बोलणे त्या संग्रहात होते. दरवर्षी त्याच्या तिथीला त्या येऊन ते ऐकत. नाना आणि शलाका पुनर्वसनातल्या त्यांच्या घरी गेले. शलाकाने काही न लपवता सगळे सांगितले.

हौसाबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"काय बोलले ते पाठ हाय मला," त्या म्हणाल्या. "आवाज तेवढा आठवत नाय. म्हणून तर येत होते."

त्यांनी पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. शलाका त्यांच्या शेजारी खाली बसली. त्या सकाळी आपण वाचवलेली ती दोन मिनिटे कोणाची होती, हे तिला तेव्हा समजले.