आपल्याच पदराची चिंधी

देह पहिल्यांदा वसला तेव्हापासून पेशींची रीत होती. कुणाला काही धाडायचं, तर आपल्याच पदराची चिंधी फाडून पुरचुंडी बांधायची आणि रक्ताच्या ओढ्यात सोडायची.

फुफ्फुसातली एक पेशी माजली. तिला सगळा देह बळकावायचा होता. आडोशाला दडून तिनं दूरच्या हाडाकडे पुरचुंड्यांवर पुरचुंड्या सोडल्या. आत निरोप होता, "बायांनो, मी येतेय, जागा करून ठेवा." हाडातल्या भोळ्या पेशी झाडलोट करू लागल्या. "मला कोण शोधतंय!" म्हणत ती गालात हसली.

एके दिवशी सुई आली आणि ओढ्यातलं थोडं रक्त घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी त्यातली पुरचुंडी तपासली. "निरोप राहू दे," त्या म्हणाल्या, "हा पदर फुफ्फुसातल्या कॅन्सरच्या पेशीचा आहे. ती निघण्याआधीच गाठू तिला."

अंग तिनं लपवलं होतं खरं, पण पदर गावभर झाला होता.