हौसाक्काची काळजी

कृष्णाकाठी दुधाळी म्हणून एक गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला, माळावर, घोंगडेमहाराजांचा मठ होता. मठ म्हणायचे एवढेच. एक कौलारू खोली, पुढे सारवलेले अंगण आणि लिंबाच्या झाडाखाली महाराजांचे आसन. महाराज मूळचे कुठले, त्यांचे खरे नाव काय, हे कुणालाच ठाऊक नव्हते. अंगावर एक आखूड घोंगडी असायची. डोके झाकावे तर पाय उघडे, पाय झाकावे तर डोके उघडे. त्या घोंगडीवरूनच लोकांनी त्यांना नाव दिले. महाराज कुणाला मंत्र देत नसत, उपदेशही क्वचितच करीत. समोर आलेल्याचे सगळे ऐकून मात्र घेत. ऐकून घेणारा माणूस मिळणे किती कठीण, हे ज्याला तो कधी मिळाला नाही त्यालाच विचारावे.

याच गावात हौसाक्का मगदूम राहत असे. तिची कथा मी मुद्दाम सांगतो आहे, कारण तिला दुःख काहीच नव्हते. नवरा सिद्राम कष्टाळू आणि शब्दाचा गोड. सून माहेरी सुखरूप बाळंत होऊन नातवाला घेऊन परतलेली. म्हैस दुभती, ज्वारीचे पीक कंबरेच्या वर. आणि तरीही भाविकहो, या बाईच्या जिवाला सदा घोर. नातू रडला तर ती घाबरायची, आणि शांत झोपला तर त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. दुःखात रडणाऱ्या माणसाला चार लोक जवळ घेतात. सगळे बरे चालले असताना ज्याचा जीव धसकतो, त्याने कुणाकडे जावे?

ती महाराजांकडे गेली. पदराखाली भाकरी घेऊन गेली आणि ती पुढे ठेवून बसली.

"काय होतंय हौसा?" महाराजांनी विचारले.

"काय होत न्हाई महाराज, म्हणून तर भ्या वाटतंय," ती म्हणाली. "इतकं सगळं चांगलं चाललंय, म्हंजे कुठंतरी काहीतरी वंगाळ दबा धरून बसलं असंल. माज्या मनाला ह्ये कोण सांगतंय कुणाला दखल. तुमी त्येवढी काळजी काढून घ्या माजी."

दुसरा कुणी असता तर हसला असता. महाराज हसले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "एकदम सगळी कुठं ठेवू? रोजची रोज आणत जा. भाकरीबरोबर."

त्या दिवसापासून हौसाक्काचा तो नेमच झाला. सकाळी भाकरी घेऊन जायचे आणि त्या दिवसाची काळजी सांगायची. महाराज विचारीत, "आज काय आणलंस?" ती म्हणे, "आज म्हशीचं भ्या वाटलं," किंवा "ह्येंचा पाय मुरगाळंल असं वाटलं." महाराज सगळे ऐकून घेत, मान डोलावीत आणि भाकरी खात. एखाद्या शास्त्र्याचे प्रवचन ऐकावे तितक्या मनापासून ते म्हशीची काळजी ऐकत. घरी जाताना हौसाक्काला हलके वाटे. दुपारपर्यंत तरी वाटे.

गावचे पाटील बाबगोंडा. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला कशाचीच भीती वाटत नाही याचा त्याला भारी ताठा. हौसाक्का वाटेत दिसली की तो चार लोकांत हाक मारून म्हणे, "काय हौसाक्का, महाराजांच्या भाकरीवर आज कुठल्या काळजीचं कोरड्यास?" लोक हसत. तीही खाली मान घालून हसल्यासारखे करी आणि पुढे जाई.

आता त्या भागात ज्वारी साठवायला पेव असते. माळाच्या घट्ट जमिनीत दोन पुरुष खोल खड्डा, तोंडाशी माणूस उतरेल एवढाच, आत पोट मोठे. धान्य भरून तोंडावर दगड ठेवायचा आणि माती लिंपून टाकायची. मग गरज लागेपर्यंत पेवाकडे बघायचेसुद्धा नाही. मध्येच उघडले की वारा लागतो, कीड पडते, आणि सगळे धान्य काढावे लागते. हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असते.

त्या वर्षी मठाच्या भंडाऱ्याला ज्वारी देण्याचा मान मगदुमांच्या घराला मिळाला होता. सिद्रामने पेव भरले, लिंपले. आणि हौसाक्काची झोप उडाली. आपली ज्वारी देवाच्या ताटात जाणार, ती चांगली असेल ना? तिने एकदा लिंपण फोडून पाहिले. ज्वारी मोत्यासारखी होती. लिंपून घरी आली आणि वाटले, आपण उघडले त्यातच वारा शिरला असेल. म्हणून ते पाहायला पुन्हा उघडले. असे किती वेळा झाले ते तिचे तिलाच माहीत. शेवटी ओले लिंपण बाबगोंडाच्या नजरेला पडले.

भंडारा जवळ आला तेव्हा मठाच्या अंगणात गाव जमले होते. बाबगोंडा महाराजांसमोरच बोलला.

"ह्या बाईनं पेव उघडून उघडून नासवलंय. किडकी ज्वारी भंडाऱ्याला चालायची न्हाई. आन् मी म्हंतो, ज्याचा देवावर भरवसा हाय त्येला पेव उघडायची पाळी का यावी? रोज मठात येऊन हिची भक्ती एवढीच? देवानं सगळं दिलं तरी हिचं तोंड सुतकी. ह्यो देवाचा अपमान हाय."

हौसाक्काच्या डोळ्यांना धार लागली. ज्वारी गेल्याचे तिला फार वाटले नाही. पण पाटील म्हणतो ते खरेच तर नाही ना, आपली भक्तीच खोटी आहे की काय, हा प्रश्न तिच्या काळजात रुतून बसला. ती महाराजांकडे बघत राहिली.

"माजं पेव उघडतो," बाबगोंडा म्हणाला. "चला, देवाला कशी ज्वारी द्यायची ते दावतो."

पाटलाचे पेव मठापासून हाकेच्या अंतरावर होते, त्या वर्षी तळापुरतेच भरलेले. महाराज आसनावरच राहिले, बाकी सगळे तिकडे निघाले. हौसाक्काही रडत रडत मागून गेली. गड्यांनी लिंपण फोडले, दगड सरकवला. पेव उघडले की आतली कोंडलेली हवा बाहेर पडू द्यायची, मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा, ही तिथली रीत. दिवा विझला तर माणूस उतरत नाही. गडी दिवा आणायला निघाला तेवढ्यात बाबगोंडाने धोतराचा काचा मारला.

हौसाक्काला राहवले नाही. "पाटील, जरा दम खावा. दिवा सोडून बघू द्या."

"घ्या, आता हिला माज्या पेवाची काळजी," पाटील म्हणाला, आणि सगळे हसले. "तुजी भीती तुज्यापाशी ठेव." एवढे बोलून तो दोरीला धरून खाली उतरलासुद्धा.

आतून त्याचा आवाज आला, "सोन्यासारखी ज्वारी हाय!" लोकांनी माना डोलावल्या आणि भंडाऱ्याच्या गप्पा सुरू केल्या. हौसाक्का तेवढी पेवाच्या तोंडाशी बसून राहिली.

"पाटील, बरं हाय न्हवं?" तिने विचारले. "हाय, हाय," उत्तर आले. तिने पुन्हा विचारले. लोक पुन्हा हसले. तिने परत हाक मारली, आणि या वेळी उत्तर आले नाही.

"अवो, ते बोलंनात," ती म्हणाली.

"तुला कंटाळलं असत्याल ते," कुणीतरी म्हणाले. सगळ्यांना ती पाटलाची थट्टाच वाटली. पण ज्या बाईने झोपलेल्या माणसांचे श्वास आयुष्यभर ऐकले होते, तिला ती शांतता निराळी वाटली. ती उठली आणि मठाकडे धावायला वळली.

महाराज तिच्या समोरच उभे होते.

"आज काय आणलंस हौसा?" त्यांनी विचारले.

"पाटील," ती म्हणाली आणि तिने पेवाकडे बोट केले.

महाराज पेवाच्या तोंडाशी पालथे झोपले, खांद्यावरची घोंगडी काढली आणि तिचे एक टोक आत सोडले. काय सांगावी त्या माउलीची लीला! जी घोंगडी महाराजांच्या पायांना कधी पुरली नाही, ती खाली खाली जातच राहिली. वर उभ्या असलेल्यांची बोबडी वळली. कुणी लोंबती दोरी हलवून बघत होते, कुणी नुसतेच देवाचे नाव घेत होते. महाराजांनी एकदा खाली तोंड करून हाक मारली आणि ओढायला सुरुवात केली. त्या काटकुळ्या म्हाताऱ्या हातांनी, विहिरीतून घागर काढावी तसा, घोंगडीत गुंडाळलेला बाबगोंडा वर आला. चेहरा काळानिळा पडला होता. महाराजांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, तसा त्याने मोठा श्वास घेतला.

पुढे बाबगोंडा सांगत असे, "डोळ्यापुढं अंधार झाला. मरतोय ह्ये कळत हुतं, पर तोंड उघडंना. वरनं ती बाई हाका मारत हुती, त्या तेवढ्या ऐकू येत हुत्या. मग तोंडाला लोकर लागली, गार वारा आला. धरायचंबी बळ नव्हतं. घोंगडीनंच मला धरलं."

गड्याने नंतर दोरीला दिवा बांधून पेवात सोडला, तो निम्म्यावरच विझला. घोंगडी झटकून महाराजांनी खांद्यावर टाकली, तेव्हा ती पूर्वीएवढीच आखूड होती.

लोक पाटलाला घरी घेऊन गेले. हौसाक्का तिथेच बसली होती. तिने महाराजांना विचारले, "माजी भक्ती खोटी हाय का वो? खरं सांगा. देवावर भरवसा असता तर मला एवढं भ्या का वाटलं असतं?"

महाराज तिच्या शेजारी मातीत बसले.

"ज्यानं चारचौघांत तुला रडवलं, त्याच्यासाठी तुझा जीव खालवर झाला," ते म्हणाले. "ज्याच्यावर माया नाही, त्याची काळजी वाटत नाही. तुझी माया जरा घाबरट आहे, एवढंच. घाबरट माया देवाला चालते. माझ्याकडं रोज येते, मला कधी जड झाली नाही."

हौसाक्का हे ऐकून पोटभर रडली. किती वर्षांचे रडू होते कोण जाणे. आपल्या भीतीला कुणी पाप म्हटले नाही, याचेच तिला एवढे सुख झाले की भीतीची धारच बोथट झाली.

"आणि एक," महाराज उठता उठता म्हणाले, "भीती मला सांगायची. पेव उघडायचं नाही."

ती रडता रडता हसली.

भंडाऱ्याला महाराजांनी मगदुमांचीच ज्वारी आणवली. इतक्या वेळा वारा लागलेले पेव, पण सुपात घेऊन पाखडले तर एक किडका दाणा निघाला नाही. त्या दिवशी माळावर चुली पेटल्या, भाकरी थापण्याचा आवाज गावभर गेला. हौसाक्का चुलीपुढे बसली होती, आणि कितीतरी वेळ तिच्या मनात काही वाईट आलेच नाही. हे तिच्या लक्षात आले तेव्हा क्षणभर धस्स झाले, पण तव्यावरची भाकरी उलटायची होती, ती तिने उलटली.

तेवढ्यात बाबगोंडा आला. अजून अशक्त होता, काठी टेकत आला. त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला खाली वाकावे, तो महाराजांनी पाय मागे घेतले आणि चुलीकडे बोट दाखवले.

"मी नंतर वर काढलं," महाराज म्हणाले. "खाली गेल्यापासून तुला धरून कोण बसलं होतं?"

गावाचा पाटील, साऱ्या गावासमोर, धुराने डोळे चोळणाऱ्या त्या बाईपाशी गेला. काठी बाजूला ठेवली आणि तिच्या पायांशी वाकू लागला.

हौसाक्का पिठाच्या हातांनीच घाईघाईने पुढे झाली.

"पाटील, सावकाश वाका," ती म्हणाली. "अजून अशक्त हाईसा. चक्कर यील."

या वेळी लोक हसले नाहीत. पाटलाने मान डोलावली, आणि तिने सांगितले तसा सावकाश वाकला.