बांधावर बसलेल्यांचा गुन्हा

फार पूर्वी शिंशपा नगरात दृढसेन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या न्यायसभेत अमात्य होते. त्या जन्मी लोक त्यांना ऋजुक म्हणत.

दृढसेन वाईट राजा नव्हता, पण त्याला ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती. त्यामुळे त्या राज्यात आज्ञा मोडण्याला जितके शब्द होते तितके भाज्यांनाही नव्हते. अवज्ञा होती, उद्धटपणा होता, बंड होते, फितुरी होती आणि सर्वांच्या वर राजद्रोह होता. नमस्कार करताना पाठ जरा कमी वाकली, तर त्यालाही दरबाऱ्यांनी एक भारदस्त नाव शोधून ठेवले होते. प्रत्येक शब्दाची शिक्षा ठरलेली होती. अवज्ञेला फटके, बंडाला हद्दपारी, राजद्रोहाला सूळ.

न्यायसभेची रीत मात्र जुनी आणि चांगली होती. फिर्यादीने घडले ते आधी सांगायचे, आणि सांगताना गुन्ह्याचे नाव तोंडातून काढायचे नाही. सगळे ऐकून झाल्यावर नाव द्यायचे ते अमात्याने. नाव दिल्याशिवाय कोणाला शिक्षा होत नसे. पण अलीकडे ही रीत कोणी पाळत नव्हते. फिर्यादी येताच ‘या बंडखोराने’ म्हणून सुरुवात करीत आणि आधीचे अमात्य मान डोलावून मोकळे होत.

एका वैशाखात राजाकडे शेजारचा राजा पाहुणा येणार होता. त्याला दाखवायला दृढसेनाने बागेत कमळांचे नवे सरोवर खोदले. ते भरण्यासाठी त्याने उदुंबर गावाला तळ्याच्या बांधाचे दार उघडण्याचा हुकूम पाठवला. ते दार राखायचे काम पाटला नावाच्या म्हातारीकडे होते. तिने दार उघडले नाही. शिपाई पुढे आले, तेव्हा गावची माणसे बांधावर जाऊन बसली आणि उठेनात. शिपायांनी पाटलेला आणि तिच्या बाजूला बसलेल्यांना दोरखंडाने बांधून नगरात आणले.

राजा संतापाने लाल झाला होता. राजद्रोह हा शब्द उच्चारला गेला की दिवस मावळायच्या आत ती सगळी माणसे सुळावर जाणार होती आणि तळे रिकामे होणार होते. सभेच्या दाराशी जल्लाद येऊन उभे राहिले होते.

राजा म्हणाला, “अमात्य, शब्द उच्चारा. राजद्रोह.”

बोधिसत्त्व म्हणाले, “महाराज, मी अजून फिर्याद ऐकली नाही.”

“फिर्यादी मी स्वतः आहे. आणखी काय ऐकायचंय?”

“काय घडलं ते.”

राजाने सुस्कारा सोडला. “ठीक आहे. या राजद्रोह्यांनी—”

बोधिसत्त्वांनी हात वर केला. “नाव अजून दिलेलं नाही, महाराज.”

“या बंडखोरांनी—”

हात पुन्हा वर गेला.

“या माजलेल्या, शेफारलेल्या—”

मागच्या रांगेत कोणाला तरी खोकल्याची मोठी उबळ आली. राजा सिंहासनावरून उठला. “ऋजुका, तुझी मान उडवायला मला कुठला शब्द लागेल?”

बोधिसत्त्वांनाही घरदार होते आणि मान एकच होती. पण पाटलेच्या मनगटावर दोर रुतलेला त्यांना दिसत होता. ते म्हणाले, “तो शब्दही मलाच द्यावा लागेल, महाराज. हवं तर माझ्यावरची फिर्याद आधी घेऊ. पण तीसुद्धा रीतीप्रमाणे, साध्या शब्दांत सांगावी लागेल.”

राजाला आपल्या वक्तृत्वाचा मोठा अभिमान होता. साधे बोलणे आपल्याला जमत नाही असे कोणाला वाटावे, हे त्याला सहन होईना. तो पुन्हा बसला.

“मी पाणी मागवलं. यांनी दिलं नाही. झालं?”

“कशासाठी मागवलं, महाराज?”

“कमळांसाठी. पाहुणे येणार आहेत.”

“ते पाणी एरवी कोण पितं?”

राजाला ते ठाऊक नव्हते. त्याने पाटलेकडे पाहिले. “कोण पितं गं?”

पाटला म्हणाली, “आम्ही पितो, आमची गुरं पितात. खालच्या गावच्या बाया हंडे घेऊन येतात. तुमच्या घोडदळाची घोडीबी तिथंच येतात, महाराज. दार उघडलं असतं तर पाऊस येईस्तोवर चिखल चाटावा लागला असता.”

“आणि माझे शिपाई आले तेव्हा तुमच्या हातात काय होतं?”

“काय असणार? मांडीवर लेकरं होती.”

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले, “आता महाराजांनी फिर्याद एकदा सलग सांगावी.”

राजाने तोंड उघडले. “मला कमळांसाठी पाणी हवं होतं. ते पाणी माणसं पीत होती. मी शिपाई पाठवले. माणसं लेकरं घेऊन बांधावर बसली आणि...” तो थांबला. आपलेच बोलणे त्याने आज पहिल्यांदा ऐकले होते, आणि त्याला लाज वाटली.

“याला राजद्रोह म्हणू?” बोधिसत्त्वांनी विचारले.

“नको.”

“बंड?”

“नको.” मग राजा पाटलेला म्हणाला, “आजी, तुम्ही याला काय म्हणता?”

“आम्ही कशाला काय म्हणू? दर उन्हाळ्यात राखण करतो, तशी याही उन्हाळ्यात केली.”

तेव्हा बोधिसत्त्व उभे राहिले आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “या कृत्याचं नाव राखण. आणि राखणीला या राज्यात शिक्षा नाही.”

बाहेर जमलेल्या लोकांनी असा जयघोष केला की छतावरची कबुतरे उडाली. दृढसेनाने स्वतः खाली उतरून पाटलेचे दोर सोडले. गाठी सोडायची सवय नसल्याने त्याला बराच वेळ लागला, आणि म्हातारीने त्याला दोनदा ‘तिकडून नाही, इकडून’ असे सांगितले. ते त्याने मुकाट्याने ऐकले. उदुंबरची माणसे ढोल वाजवीत घरी गेली, आणि कोरड्या सरोवराऐवजी पाहुण्या राजाला त्यांचे भरलेले तळे दाखवण्यात आले.

आपल्या पूर्वजन्माची एवढी कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा दृढसेन म्हणजे आज आपल्यात बसलेला चंडक. कोणी उलट बोलले की तो अजूनही लाल होतो, पण ऐकून घेतो. पाटला म्हणजे भिक्षुणी मेघवती. बांधावर बसलेली माणसे म्हणजे तुम्ही सगळे, आणि तो अमात्य मी होतो. समोर सत्ता उभी असतानाही घडले ते जसेच्या तसे बोलावे, आणि सत्तेलाही तसेच बोलायला लावावे. हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.”