सरदारांच्या खर्चाचा रणस्तंभ

लढाई जिंकून आल्यावर सरदार धाररावांनी भर दरबारात जाहीर केलं, "पडलेल्या वीरांचा रणस्तंभ मी माझ्या खर्चाने बांधतो. रयतेवर कसलाच भार नाही."

जागा मात्र त्यांनी निवडली ती गावाच्या सामाईक खळ्याची, आणि मळणी तर तोंडावर आलेली. दगड ओढायला बैल गावाचे, पुढची दिवाबत्ती आणि राखणही गावाकडेच.

राजाने हुकमासाठी शिक्का उचलला. "कोणाची हरकत?"

"हरकत घेईल तो वीरांचा वैरी," धारराव गरजले.

तेव्हा म्हाळसा पुढे आली. तिचा नवरा त्याच लढाईत पडला होता.

"हरकत कसली, सरकार? पण एवढा मान खळ्याला कशाला? रणस्तंभ सरदारांच्या बागेत उभा करा. आम्ही रोज तिथे येऊन माथा टेकू."

"माझ्या बागेत?" धारराव उसळले. "झाडं तोडावी लागतील. गावभराची माणसं रोज तुडवत येणार. झाडलोट कोण करणार? तेलवात कोण घालणार? राखणीला माणूस कोण देणार?"

म्हाळसा राजाकडे वळली. "आम्ही बोललो असतो तर वैरी ठरलो असतो, सरकार. गावावरचा भार सरदारांनीच सांगितला."

राजाने हुकमावर शिक्का उमटवला. जागा तेवढी बदलली होती.