नाकावेगळे मुख

कनकगड संस्थानात खोकल्याची साथ पसरली, तेव्हा राजवैद्य म्हाळसाबाईंनी महाराजांकडून मुखपट्टीची आज्ञा काढवून घेतली. महाराज सत्तरीचे, त्यात छाती नाजूक. त्यांना जपायचे तर बाईंची सारी भिस्त त्या आज्ञेवरच होती.

पंधरवड्याने शब्दपंडित वाचस्पतिशास्त्री दरबारात शिंकत उभे राहिले. पट्टी ओठांवर चापून बांधलेली, नाक मात्र उघडे आणि वाहते.

“महाराज, पट्टी बांधूनही मला पडसे झालेच. ही निरर्थक आज्ञा आजच मागे घ्यावी.”

“शास्त्रीबुवा, पट्टीने धोका उणावतो, संपत नाही,” बाई म्हणाल्या. “आणि उणावतो तोही नाक झाकले तर!”

“आज्ञेत ‘मुख’ हा शब्द आहे, बाई. मुख म्हणजे तोंड! त्यात नाक कोंबणे ही भाषेची विटंबना आहे. तुम्ही काढे उकळावेत, व्याकरणात पडू नये.”

दरबारी हसले. महाराजांचा हात स्वतःच्या पट्टीची गाठ सोडायला गेला. बाईंनी शांतपणे शास्त्रीबुवांना हात जोडले.

“आपला अर्थ शिरसावंद्य. एकच शंका आहे. आज सकाळी आपण राणीसाहेबांच्या ‘मुखचंद्रा’वर बारा श्लोक म्हटलेत. तो चंद्र नाकाविनाच होता का?”

चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेब म्हणाल्या, “सांगा, शास्त्रीबुवा. आम्हीही ऐकतो आहोत.”

शास्त्रीबुवांनी पट्टी थेट डोळ्यांखालपर्यंत ओढली.

“मुख म्हणजे,” ते आतून पुटपुटले, “अर्थातच, संपूर्ण चेहरा.”

महाराजांनी गाठ अधिकच घट्ट केली.